घरून काम करणाऱ्यांसाठी फिशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे आणि नवी मुंबई)

घोडबंदर रोड, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर या सगळ्या पट्ट्यात घरून काम करणारे पुष्कळ आहेत. कुणी आठवड्यातून दोन दिवस महाप्याला जातं, कुणाची कंपनी बंगळुरूत आणि टेबल कासारवडवलीच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पैसे आत्ताच गेले असतील तर पुढचं काही वाचू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा आणि मग प्रश्न १२ पाहा. पैसे गेले नाहीत पण पासवर्ड देऊन बसला असाल, तर थेट प्रश्न ११.

१. फिशिंग म्हणजे बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल, एवढंच ना?

नाही. विश्वासातल्या कुणाच्या नावाआड राहून तुमच्याच हातून काहीतरी करून घेणं म्हणजे फिशिंग. पासवर्ड टाकून घेतील, फाइल उघडून घेतील, पैसे पाठवून घेतील, नाहीतर मोबाइलवरचं 'अप्रूव्ह' दाबून घेतील. मेल हा त्यातला एक मार्ग. एसएमएस, व्हॉट्सअॅप, टीम्सवरचा मेसेज, फोन, क्यूआर कोड, सगळ्यांतून हेच चालतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६डी खाली संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

तुमच्या खात्यात शिल्लक किती आहे याच्याशी त्यांना दर वेळी देणंघेणं असतंच असं नाही. ऑफिसच्या लॉगिनमधून ग्राहकांची माहिती, बिलं, पगाराची यंत्रणा सगळं उघडतं. 'माझ्याकडे आहेच काय' असं म्हणून सोडून देऊ नका.

२. ऑफिसात असतानाही असे मेल यायचेच. घरून काम केल्याने फरक काय पडतो?

फरक शेजारच्या खुर्चीचा आहे. ऑफिसात शंका आली की मान वळवून विचारता येतं, 'अगं, तुलाही आलाय का हा मेल?' आणि निम्मे बनाव तिथेच उघडे पडतात. घरी ती खुर्ची नसते. शिवाय तुमचं सगळं कामच मेसेजवर चालतं. कधी न भेटलेल्या माणसाने चॅटवर काम सांगितलं तर त्यात तुम्हाला वावगं काही वाटत नाही, आणि फसवणाऱ्याला तेवढंच पुरतं.

जुलै २०२० मध्ये ट्विटरचं हेच झालं. कोविडमुळे कर्मचारी घरी होते आणि व्हीपीएनच्या (घरून ऑफिसच्या यंत्रणेत शिरायच्या सुरक्षित जोडणीच्या) तक्रारी रोजच्याच होत्या. चोरट्यांनी आयटी हेल्पडेस्क असल्याचं भासवून फोन केले, व्हीपीएनची अडचण सोडवतो म्हणाले आणि कर्मचाऱ्यांकडून खोट्या पानावर लॉगिन करून घेतलं. त्यातून बराक ओबामा, एलॉन मस्क अशा लोकांच्या खात्यांवरून क्रिप्टोचे खोटे संदेश गेले.

म्हणून ती शेजारची खुर्ची घरी मुद्दाम तयार करा. दोन सहकारी, तुमचे वरिष्ठ आणि हेल्पडेस्क यांचे नंबर आजच मोबाइलमध्ये घाला आणि एका कागदावरही लिहून ठेवा, कारण लॅपटॉप बंद करायची वेळ आली तर चॅटमधले नंबर दिसणार नाहीत. या पानावरची बरीचशी उत्तरं शेवटी एकाच सवयीवर येतात: ज्या वाटेने मागणी आली, त्या वाटेने खात्री करायची नाही. दुसऱ्या वाटेने करायची.

३. खोटा मेल ओळखायचा कसा? आता तर भाषेतही चूक सापडत नाही.

स्पेलिंगच्या चुका शोधायचे दिवस गेले. एआयच्या मदतीने कुणीही बिनचूक मेल लिहू शकतो. एक नमुना जवळून पाहू.

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसहा. एचआरकडून मेल: 'सुधारित वर्क फ्रॉम होम धोरण. आपलं नाव यादीत आहे का ते आज सातपर्यंत तपासा.' लोगो खरा आहे. खाली एचआरमधल्या बाईंचं खरं नाव आणि हुद्दा आहे, कारण तो लिंक्डइनवर सगळ्यांना दिसतो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-अडीच तास घालवण्याच्या भीतीने कुणीही ती यादी उघडेल.

मोबाइलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. त्यावर बोट ठेवा, म्हणजे पूर्ण पत्ता दिसेल. मग लिंकवर बोट दाबून धरा (लॅपटॉपवर नुसता माउस न्या) आणि पत्ता वाचा. समजा तो असा आहे: लॉगिन डॉट तुमचीकंपनी डॉट एचआर-पोर्टल डॉट टॉप, पुढे तिरपी रेघ आणि बरंच काही. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरप्या रेघांनंतर येणारी पहिली एकटी तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे मागे या. रेघेला लागून असलेले शेवटचे दोन तुकडे, म्हणजे 'एचआर-पोर्टल डॉट टॉप', हाच मालक. त्याच्या डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. पत्ता 'को डॉट इन', 'गव्ह डॉट इन' असा संपत असेल तर तीन तुकडे धरा. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक सोय केली आहे: ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं 'बँक डॉट इन' या शेवटावर न्यायला सांगितलं होतं, आणि हा शेवट नोंदणीकृत बँकांनाच मिळतो.

पत्ता खरा असला तरी काम संपत नाही. गूगल फॉर्म किंवा शेअरपॉइंटची लिंक अगदी खरी असते, आतला मजकूर चोराचा असू शकतो. गूगल फॉर्ममध्ये कुणी पासवर्ड मागत असेल तर तो फॉर्म खोटाच समजा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या अॅपवर आहे. तो पत्ता अक्षर न् अक्षर जुळला तरच पासवर्ड भरतो. रोज आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर हाताने टाइप करू नका. थांबा आणि पत्ता वाचा.

हंगामही लक्षात ठेवा. १५ जून ही फॉर्म १६ मिळण्याची मुदत, म्हणून त्या सुमाराला 'तुमचा फॉर्म १६ डाउनलोड करा'. दिवाळीआधी बोनस, मार्चमध्ये अप्रेझल आणि गुंतवणुकीचे पुरावे. तुम्ही ज्या मेलची वाटच पाहत असता, तो मेल निरखून पाहिला जात नाही.

४. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असेल तर साइट सुरक्षित ना?

कुलूप एवढंच सांगतं की मधल्या कुणाला तुमची माहिती वाचता येत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर ती त्याच्यापर्यंत सुखरूप पोचते. या कुलपामागचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि फिशिंगवाले ते सर्रास घेतात.

५. आमच्याकडे पासवर्डनंतर ओटीपी लागतो. मग पासवर्ड गेला तरी काय बिघडणार?

ओटीपी हवाच, पण तो तीन प्रकारे चुकवला जातो.

पहिला प्रकार मधल्या पानाचा. तुम्ही खोट्या पानावर पासवर्ड टाकता, ते पान त्याच क्षणी तो खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट तुम्हाला ओटीपी पाठवते, तोही तुम्ही खोट्या पानावरच भरता. लॉगिन खरंखुरं होतं, पण लॉगिन झाल्याची खूण, म्हणजे सेशन कुकी, चोराच्या हाती जाते. त्या कुकीवर त्याला पुन्हा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. अनेकदा खोटं पान तुम्हाला शेवटी खऱ्या साइटवर सोडतं, त्यामुळे काही घडल्याचं कळतही नाही.

दुसरा प्रकार भंडावून सोडण्याचा. मोबाइलवर 'लॉगिन मंजूर करा' अशा सूचना एकामागून एक येत राहतात, बहुधा मध्यरात्री. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा सूचनांनी जेरीला आणलं आणि व्हॉट्सअॅपवर 'मी आयटीतून बोलतोय, मंजूर करा म्हणजे थांबेल' असं सांगितलं. त्याने मंजूर केलं. तुम्ही स्वतः लॉगिन करत नसताना आलेली सूचना नाकारा. ती आली याचा अर्थ पासवर्ड आधीच फुटला आहे, तेव्हा लगेच बदला.

तिसरा प्रकार नवा आहे. 'मीटिंगमध्ये येण्यासाठी हा कोड टाका' असं सांगून मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या पानावर पाठवतात. पान खरं, पत्ता खरा, पण कोड चोराच्या यंत्राचा. तुम्ही टाकलात की त्याचं यंत्र तुमच्या खात्यात आलं. दुसऱ्याने पाठवलेला कोड कुठेही टाकू नका.

या सगळ्यावरचा पक्का उपाय म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा लॅपटॉपमध्येच साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी सिक्युरिटी की. ती खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, खोट्या पानाला उत्तरच देत नाही. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशा की सक्तीच्या केल्या. त्यानंतर ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कुणाचंही कामाचं खातं फिशिंगने गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. तुमच्या कंपनीत ही सोय असेल तर आजच चालू करा. नसेल तर मागा.

६. 'आयटी सपोर्टमधून बोलतोय, एनीडेस्क टाका' असा फोन आला. खरा असू शकतो का?

असू शकतो, म्हणून तर फसायला होतं. घरी बसलेल्याचा लॅपटॉप आयटीवाले दुरूनच हाताळणार, आणि एनीडेस्क हे त्यासाठीचंच अॅप. त्यांना सांगा, 'तिकीट नंबर द्या, मी हेल्पडेस्कला फोन करते.' आणि फोन ठेवा. खऱ्या माणसाला यात राग येण्याचं कारण नाही.

एक बनाव मुद्दाम सांगतो. आधी तुमच्या इनबॉक्समध्ये शेकडो न्यूजलेटरं ओतली जातात, मेल उघडणं मुश्कील होतं. मग टीम्सवर 'हेल्प डेस्क' नावाने कुणीतरी येतो, 'तुमच्या मेलमध्ये अडचण दिसतेय, क्विक असिस्ट उघडा.' (हे विंडोजमधलं, लॅपटॉप दुरून हाताळू देणारं साधन.) २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने याबद्दल सविस्तर इशारा दिला होता. अडचण त्यांनीच उभी केलेली असते. टीम्सवर नावाशेजारी 'एक्स्टर्नल' लिहिलेलं असेल तर तो तुमच्या कंपनीचा नाही.

७. खुद्द साहेबच व्हिडिओ कॉलवर दिसले, आवाजही त्यांचाच. आता तरी विश्वास ठेवायचा ना?

पैसे, पासवर्ड किंवा ग्राहकांची यादी मागितली असेल तर नाही. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वित्तप्रमुख आणि सहकारी पाहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे बाकी सगळे चेहरे बनावट होते. चेहरा जवळून न्याहाळून खोटेपणा ओळखायच्या नादी लागू नका. कॉल संपवा आणि साहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा. (त्यावर ते चिडत असतील तर प्रश्न १७.)

साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी व्हॉट्सअॅप नंबरवरून 'मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव' असं आलं तर तेही याच जातीचं.

८. वीज तोडण्याचे, चलानाचे, कुरिअरचे मेसेज माझ्या खासगी मोबाइलवर येतात. त्याचा ऑफिसशी काय संबंध?

त्याच मोबाइलवर तुमचं ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं अॅप) आहे, ऑफिसचा मेल आहे आणि सगळे ओटीपी येतात. तेव्हा संबंध थेट आहे.

'मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला आपली वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क साधा.' अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्याची त्याच सुमाराला शिफ्ट सुरू होते, कॉल लागलेले असतात. घाबरून तो नंबर फिरवला जातो, पलीकडचा माणूस एखादं अॅप टाकायला लावतो आणि मोबाइल त्याच्या ताब्यात जातो. महावितरण असे मेसेज साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून पाठवत नाही. बिलाची शंका असेल तर महावितरणच्या अॅपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून पाहा.

आरटीओ चलान, लग्नपत्रिका किंवा बँकेचं केवायसी अशा नावाची एपीके (मोबाइलवर अॅप बसवणारी) फाइल व्हॉट्सअॅपवर आली, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका. त्याचा मोबाइल आधीच गेलेला असेल, आणि ती फाइल तिथून आपोआप पुढे जात असेल. त्याला फोन करून कळवा.

अधिकृत एसएमएसच्या शीर्षकात आता शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. संशयास्पद फोन आणि मेसेज संचार साथी पोर्टलच्या 'चक्षू' सुविधेत कळवता येतात.

९. कॅफेचं वाय-फाय वापरलं तर चालेल का?

मोबाइलचा हॉटस्पॉट बरा. कॅफेत बसलातच तर कंपनीचं व्हीपीएन चालू ठेवा, आणि वाय-फायच्या पानावर ऑफिसचा मेल-पासवर्ड मागितला तर तिथून उठा. घरच्या राउटरचा मूळ अॅडमिन पासवर्ड बदलला नसेल तर तो मात्र आज बदला.

१०. 'मी रोबोट नाही' म्हणून एका साइटने विंडोज आणि आर ही बटणं दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं. हे काय आहे?

थेट हल्ला आहे. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. पेस्ट करून एंटर दाबलंत की तुम्हीच ती लॅपटॉपवर चालवता, आणि अँटिव्हायरसला वाटतं मालकाच्याच मनात आहे. कुठलीही खरी तपासणी असं करायला सांगत नाही. दाबून झालं असेल तर पुढचं उत्तर वाचा.

११. लिंक उघडली, पासवर्डही टाकला. आता काय करू?

नुसती लिंक उघडून काहीच टाकलं नसेल, डाउनलोडही केलं नसेल, तर बहुधा निभावलं. तरीही आयटीला कळवा.

पासवर्ड टाकला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून, खऱ्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून तो बदला. मग 'सगळीकडून साइन आउट' करा. हे विसरलात तर प्रश्न ५ मधली चोरलेली कुकी अनेकदा तशीच चालू राहते. त्यानंतर मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा: तुमचे मेल कुठे फॉरवर्ड होतायत का, आणि लॉगिनसाठी एखादा अनोळखी फोन जोडला गेलाय का. चोर आत आल्यावर हीच दोन दारं उघडी ठेवून जातो. पगाराच्या पोर्टलवर आपला बँक खाते क्रमांक तोच आहे ना तेही पाहा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला.

फाइल किंवा आज्ञा चालवली असेल तर वाय-फाय तोडा, पण लॅपटॉप फॉरमॅट करू नका. पुरावा त्यातच असतो. आयटीला फोन करा, त्याच लॅपटॉपवरून मेल नको. मोबाइलवर एपीके गेली असेल तर तो फ्लाइट मोडवर टाका आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. पुढे मोबाइल साफ झाल्यावर स्टार हॅश २१ हॅश डायल करून तुमचे कॉल भलत्या नंबरवर वळवलेले नाहीत ना हे तपासा.

१२. पैसे गेले. परत मिळतात का?

किती लवकर कळवता यावर बरंच अवलंबून आहे. १९३० ला फोन केलात की तक्रार बँकांना जोडलेल्या यंत्रणेत जाते आणि पैसे ज्या खात्यात पोचलेत तिथे ते गोठवता येतात. चोर मात्र ते काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात हलवत असतो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. मग बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तपशील भरा.

जबाबदारीबाबत रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक स्वतःची असली तरी फोन आधी करा.

काही दिवसांनी 'तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा' असा फोन येऊ शकतो. तो दुसरा डाव असतो.

१३. कंपनी बंगळुरूची, मी खारघरला. तक्रार कुठे करायची?

जिथे आहात तिथेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

इथे हद्दीचा घोळ नेहमी होतो. ऐरोली, घणसोली, वाशी ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगड जिल्ह्यात असलं, तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. कासारवडवली, मानपाडा, वागळे इस्टेट ठाणे शहर आयुक्तालयात. दोन्ही आयुक्तालयांना स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. कंपनीची माहिती गेली असेल तर कंपनीने वेगळी तक्रार करायची असते. तुमची तक्रार तुमच्या नुकसानीपुरती.

१४. कंपनीला सांगितलं तर नोकरी जाईल, अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे, आणि चोर तिच्यावरच जगतो. पण न सांगण्यात धोका जास्त. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. लॉगमध्ये तुमचं लॉगिन दिसणारच. दहा मिनिटांत स्वतः सांगितलेली चूक आणि तीन आठवड्यांनी चौकशीत सापडलेली चूक, यांकडे कोणीही सारख्या नजरेने पाहत नाही. फोनवर सांगा आणि लगेच दोन ओळी लेखी द्या: किती वाजता, काय दाबलं, काय टाकलं.

१५. मी फ्रीलान्सर आहे, मला आयटी विभागच नाही. माझं काय?

कामाचा मेल आणि बँकेचा मेल वेगळा ठेवा, दोन्हींवर पासकी लावा. नवा क्लायंट 'प्रोजेक्टची माहिती' म्हणून पासवर्ड लावलेली झिप पाठवत असेल तर ती उघडू नका. पासवर्ड बहुधा तपासणी चुकवण्यासाठीच असतो.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी मुलाखतीच्या गृहपाठापासून जपावं. 'हा कोड उतरवून चालवून दाखवा' असं सांगतात आणि कोडमध्येच घातक भाग असतो. उत्तर कोरियाशी जोडलेल्या गटांनी ही पद्धत वापरल्याचं सुरक्षा संशोधकांनी दाखवलं आहे. असा कोड कामाच्या लॅपटॉपवर कधीच चालवू नका.

क्लायंटला आपला खाते क्रमांक एकदाच करारात द्या आणि लिहून ठेवा: 'खातं बदलल्याचा मेल आला तर मला फोन केल्याशिवाय पैसे भरू नका.'

१६. सहकाऱ्याच्या खऱ्या मेलवरून, जुन्याच चर्चेला उत्तर म्हणून लिंक आली. तीही खोटी असू शकते?

हो, आणि ही सगळ्यात अवघड. त्याचं खातं गेलेलं असतं आणि चोर त्याच्या जुन्या मेलमध्ये बसून उत्तरं देत असतो. प्रश्न ३ मधली पत्त्याची तपासणी इथे अपुरी पडते. मेलवर 'हे तूच पाठवलंस का?' असं विचारलंत तर चोरच 'हो' म्हणेल. इथे फोन लागतो. चर्चा पगाराची आणि लिंक 'इनव्हॉइस'ची, किंवा नेहमी मराठीत बोलणारा एकदम औपचारिक इंग्रजीत आला, तर एवढ्या विसंगतीवरही फोन करावा.

१७. खात्रीसाठी फोन केला की वरिष्ठ चिडतात. 'मेल केलाय ना, मग?' म्हणतात.

हे मला फार लागतं, कारण पुढच्या वेळी तो माणूस फोन करत नाही. वरिष्ठांना विनंती: टीमच्या पुढच्या मीटिंगमध्ये स्पष्ट सांगा की पैसे, पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती यांबाबत मला उलट फोन करणं हे तुमचं काम आहे, मी मीटिंगमध्ये असलो तरी.

आणि तुम्हाला एक वाक्य देतो, घाईच्या वेळी शब्द सुचत नाहीत म्हणून. हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि जसंच्या तसं पाठवा: 'सर, रक्कम मोठी आहे, म्हणून तुमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून खात्री करते आणि लगेच पाठवते.' मग फोन उचलेपर्यंत पैसे पाठवू नका.